चकमकीचं पिस्तूल मूळचं कुठलं? नाव सगळ्यात शेवटी वाचा

जुनं चकमकीचं पिस्तूल हाती आलं की बहुतेकजण आधी नळीवरचं नाव वाचतात. 'लंडन' दिसलं की विषय संपला, पणजोबांचं पिस्तूल लंडनचं. इथे सांगितलेली पद्धत बरोबर उलटी आहे. नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, कारण पिस्तुलावर खोटी टाकायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच. छिन्नी हातात असलेला कुणीही कारागीर तासाभरात 'लंडन' कोरू शकतो. लॉकची घडण, नळीखालचे ठसे, लाकडातली खोबण यांना खोटं बोलायला लावणं बरंच महागात पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करू. 'हे कुठलं?' हा एकच प्रश्न नाही. 18व्या आणि 19व्या शतकात लंडन, बर्मिंगहॅम, लिएज (आजच्या बेल्जियममधलं) किंवा इटलीतल्या ब्रेशियात बंदुकीचं काम वाटलेलं असे. नळी घडवणारा एक, लॉक करणारा दुसरा, लाकूड बसवणारा तिसरा, नक्षी कोरणारा चौथा. ज्याचं नाव वर दिसतं त्याने कित्येकदा फक्त माल जुळवून दुकानात मांडलेला असतो. पुढे दीडदोनशे वर्षांत दुरुस्त्या झाल्या, भाग बदलले, ते वेगळंच. म्हणून प्रत्येक भागाला स्वतंत्र विचारायचं: तू कुठला आणि कधीचा? उत्तरं जुळली तर छान. जुळली नाहीत तर खरी गंमत तिथून सुरू होते.

भागांची ओळख, थोडक्यात

गारगोटी ज्याच्या जबड्यात पकडलेली असते तो घोडा. बोटाने ओढायचा तो चाप. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि गारगोटी समोरच्या उभ्या पोलादी पात्यावर घासते. या पात्याला संग्राहक 'फ्रिझन' म्हणतात. त्या धक्क्याने फ्रिझन पुढे उलटतं, खालची रंजकदाणी उघडी पडते, ठिणग्या तिच्यातल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडतात आणि आग नळीच्या बगलेतल्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आतल्या दारूपर्यंत पोचते. पट्टीसकट या सगळ्या यंत्रणेला लॉक म्हणतात. नळीखाली दारू आणि गोळी ठासायचा गज, मागे लाकडी दस्ता. एवढे शब्द पुरे.

पहिली पायरी: ते भरलेलं आहे का?

ही पायरी कुणीही, कधीही गाळू नये. ठासणीची जुनी हत्यारं भरलेल्या अवस्थेत सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. शेवटच्या मालकाने बार भरला, उडवायची वेळ आली नाही, पिस्तूल पेटाऱ्यात गेलं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटते.

तपासणी सोपी आहे. नळीत मावेल अशी लाकडी काडी घ्या. लोखंडी नको. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे न ठेवता काडी अडेपर्यंत हलकेच आत सरकवा आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. मग तीच काडी बाहेरून नळीच्या बाजूला धरा, खूण तोंडाशी जुळवून. काडीचं टोक कानाच्या आसपास पोचत असेल तर नळी रिकामी असण्याची शक्यता मोठी. टोक कानाच्या बोटभर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ती गोळी आणि दारू असू शकते, नुसता कचराही असू शकतो. दोन्ही वेळा पुढचं काम थांबवा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे किंवा पोलिसांकडे जा. स्वतः ड्रिल लावणं, गरम करणं, खोदणं, यातलं काहीही नको. नळी फिरवून काढता येते अशा छोट्या पिस्तुलांत दारूची खोली नळीपेक्षा वेगळ्या मापाची असते, तिथे काडीवर पूर्ण भरवसा ठेवू नये.

रिकामं आहे हे कळल्यावरही घोडा ओढून चाप दाबायचा मोह टाळा. जुनी स्प्रिंग एकदा तुटली की तिच्याबरोबर एक पुरावाही जातो.

दुसरी पायरी: कायदा पाहून घ्या

भारतात राहणाऱ्यांसाठी दोन कायदे महत्त्वाचे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे 'जुनं आहे' एवढं पुरत नाही. लॉक चालू असलेलं, नळी शाबूत असलेलं पिस्तूल घरात असेल तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारून घ्यावं, आणि लेखी विचारावं. दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या लिलावघराकडून किंमत काढून घ्यायची असेल तर फोटो पाठवा, पिस्तूल नाही.

तिसरी पायरी: घासू नका, मोजा आणि फोटो काढा

मराठी घरांत जुन्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे दसऱ्याला ती लखलखीत करायची. पितांबरी, पॉलिश पेपर, चिंच, हाताला येईल ते. पिस्तुलाच्या बाबतीत ही माया घातक ठरते. मूळ ओळखण्याचा निम्मा पुरावा ज्या ठशांत असतो ते ठसे कागदाच्या जाडीइतके खोल असतात. बफिंग मशीनवर एकदा फिरवलं की गेले. फार तर मऊ कापडाने थोडं मशीनचं तेल लावा आणि पुसून घ्या. तपकिरी-काळपट झालेली कातडी तशीच राहू द्या.

मोजायचं काय? नळीची लांबी, एकूण लांबी, आणि व्हर्नियर कॅलिपरने नळीच्या तोंडाचा आतला व्यास. लष्करी पिस्तुलांत हे मापच बोलतं. ब्रिटिश घोडदळाच्या पिस्तुलांत दोन मापं वारंवार भेटतात, साधारण 0.56 इंच आणि 0.65 इंच. दुसरं कारबाइनचं, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीचं माप. नळी बहुधा 9 किंवा 12 इंच. फ्रेंच लष्करी पिस्तुलाचा व्यास 17 मिलिमीटरच्या जरा वर जातो. नळीचं तोंड झिजून रुंदावलेलं असतं, म्हणून एकाच जागी मोजून निष्कर्ष काढू नये.

फोटो काढताना टॉर्च तिरपा धरा. समोरून उजेड टाकल्यावर जो ठसा अदृश्य असतो तो बाजूच्या उजेडात सावलीमुळे वर येतो. मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

चौथी पायरी: लॉक वाचा

इथे जास्त वेळ द्या. लॉक म्हणजे पिस्तुलाचा जन्मदाखला, फक्त तो खाडाखोड झालेला असू शकतो.

आधी हे चकमकीचंच, आणि कुठल्या जातीचं, ते ठरवा. ज्याला आपण खरं फ्लिंटलॉक म्हणतो, म्हणजे फ्रिझन आणि रंजकदाणीचं झाकण एकाच तुकड्याचं आणि स्प्रिंगा पट्टीच्या आत, ते 1610 च्या सुमारास फ्रान्समध्ये लिझिओच्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराच्या नावावर नोंदलं जातं. मुख्य स्प्रिंग पट्टीच्या बाहेर, डोळ्यांना दिसेल अशी असेल तर ते मिकेले लॉक. मग स्पेन, दक्षिण इटली, किंवा तुर्की साम्राज्य आणि कॉकेशस यांच्याकडे वळा. स्पेनमधल्या रिपोल गावची आखूड, जाड, पितळ किंवा लोखंडाने मढवलेली पिस्तुलं याच जातीची. अख्खं पिस्तूल धातूचं, चापाला रक्षक कडं नाही, चाप म्हणजे नुसतं गोल बटण आणि दस्त्याच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगांसारख्या दोन वळ्या दिसल्या तर स्कॉटलंड. डून या गावात कॅडेल घराण्याने आणि त्यांच्या शिष्यांनी अशी पिस्तुलं पिढ्यान्पिढ्या केली. या बाबतीत स्कॉटिश पिस्तूल सगळ्यात प्रामाणिक. एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

बाकीची गर्दी फ्रेंच धाटणीच्या लॉकची, आणि तीत देश ओळखण्याआधी काळ ओळखणं सोपं जातं. खालची कड केळ्यासारखी बाकदार असलेली पट्टी 17व्या शतकाच्या अखेरीची किंवा 18व्या शतकाच्या पहिल्या भागातली. सपाट आणि सरळ पट्टी त्यानंतरची. फ्रिझनच्या स्प्रिंगवर किंवा फ्रिझनच्या टोकाला छोटं चाक असेल तर 1770 च्या अलीकडे या. पावसाचं पाणी बाजूने वाहून जावं अशी उठावाची रंजकदाणी आणि घोड्यामागे सरकती सुरक्षा-पट्टी ही 18व्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतली चैन. कानाला सोन्याचं अस्तर असेल तर तोच काळ, प्लॅटिनमचं असेल तर 19वं शतक. यांतला प्रत्येक मुद्दा 'याआधीचं नाही' एवढंच सांगतो. स्वस्त पिस्तुलांवर जुन्या पद्धती तीस-तीस वर्षं रेंगाळल्या, त्यामुळे 'यानंतरचं नाही' असं लॉककडून सहसा कळत नाही.

आता पट्टीवरचे ठसे. भारतात सापडणाऱ्या पिस्तुलांवर तीन खुणा नेहमी भेटतात.

पहिली, मुकुट आणि त्याखाली इंग्रजी 'जी आर'. जॉर्ज राजाचं हे अक्षर-चिन्ह 1714 ते 1830 इतक्या लांब काळात, चार जॉर्जांच्या नावाने चाललं. त्यामुळे एकट्या 'जी आर'वरून वर्ष काढू नये. शेपटीकडच्या भागात कंत्राटदाराचं नाव आणि वर्ष असेल तर सरकारी पिस्तूल साधारण 1764 आधीचं. त्यानंतर नाव आणि वर्ष गेलं आणि नुसतं 'टॉवर' राहिलं, म्हणजे टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातलं सरकारी शस्त्रागार. बाणासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. पण 'टॉवर' हा शब्द पुढे बर्मिंगहॅम आणि लिएजच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिका आणि आशियात विकायच्या स्वस्त मालावरही सर्रास टाकला. मुकुट आहे पण बाण नाही, अक्षरं वेडीवाकडी, धातू पातळ, असं असेल तर लंडनच्या टॉवरशी त्याचा संबंध नावापुरताच.

दुसरी खूण ईस्ट इंडिया कंपनीची. चार भागांत विभागलेलं बदाम, प्रत्येक भागात एक अक्षर, वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी रेघ. ही व्यापारी गाठोड्यांवरची खूण, 1808 पर्यंतची. त्या लॉकवर कंत्राटदाराचं नाव आणि वर्षही बऱ्याचदा मिळतं. 1808 पासून बदामाची जागा मागच्या पायांवर उभ्या, मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. ही तारीख पाठ करून ठेवण्यासारखी आहे, कारण एवढी नेमकी रेघ या विषयात फार ठिकाणी मिळत नाही.

तिसरी, म्हैसूरची. टिपू सुलतानाच्या कारखान्यांत चकमकीच्या बंदुका आणि पिस्तुलं तयार होत. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, वाघाचं तोंड, फारसी अक्षरं. जोडीतल्या एका पिस्तुलाचं लॉक उजवीकडे आणि दुसऱ्याचं डावीकडे, असाही प्रकार तिथे दिसतो. इथे एक खाच आहे. टिपूने हिजरीच्या जागी मौलुदी शक सुरू केला होता आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले जात. ठशावर डावीकडून 5121 दिसलं तर ते 1215, म्हणजे इसवी 1787 च्या सुमाराचं. मौलुदी वर्षात 572 मिळवा, फार तर वर्षभराचा फरक पडेल. साध्या हिजरी वर्षासाठी 0.97 ने गुणून 622 मिळवा. हिजरी 1200 म्हणजे 1785-86. हाच गोंधळ फ्रेंच लष्करी पिस्तुलांतही होतो. त्यांच्यावर 'वर्ष 13' असं कोरलेलं दिसतं, ते क्रांतीच्या पंचांगाचं, म्हणजे 1804-05. सोबत शार्लव्हिल, मोबेज किंवा सेंत-एतिएन या शस्त्र-कारखान्याचं नाव असतं.

मराठी माणसाला इथे स्वाभाविकच विचारावंसं वाटतं की आपल्या लोकांनी चकमकीची हत्यारं केली नाहीत का. केली. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीला 1784 मध्ये चाकरीत घेतल्यावर आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होऊ लागल्या. पण तो माल युरोपीय नमुन्यावर बेतलेला, आणि त्यावर कंपनीसारखी एकसारखी खूण शोधत बसाल तर हाती फार लागणार नाही. म्हणून एखादं बिनखुणेचं पिस्तूल केवळ देशी घडणीचं दिसतं यावरून 'शिंदेशाही' म्हणून विकलं जात असेल तर विकणाऱ्याला पुरावा मागा.

पाचवी पायरी: लॉक बाहेर काढा, जमलं तरच

घोडा अर्ध्या खुंटीवर, म्हणजे अर्धा मागे ओढून अडकतो तिथे, ठेवा. डाव्या बाजूचे एक-दोन मोठे स्क्रू लॉकला धरून ठेवतात. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस हवा. जुन्या खाचा अरुंद असतात आणि बाजारातला नेहमीचा पेचकस त्यांची ओठं फाडतो. स्क्रू थोडे सैल करा, त्यांच्या डोक्यावर लाकडी मुठीने हलकेच ठोका म्हणजे लॉक दुसऱ्या बाजूने सुटून वर येईल, मग स्क्रू पूर्ण काढा. पट्टी एका कडेने उचकटून काढू नका, लाकडाच्या कपच्या निघतात. हलत नसेल तर सोडून द्या.

आत काय पाहायचं? चांगल्या इंग्रजी लॉकच्या आतल्या भागांवर जुळणीच्या बारीक खुणा असतात, कानशीने मारलेल्या चिरा किंवा रोमन आकडे. सगळ्या भागांवर सारख्या असतील तर लॉक पहिल्यापासून एकत्र आहे. लाकडातली खोबण पट्टीच्या कडेला घट्ट बसलेली, आतून तेलाने काळी पडलेली हवी. खोबण मोठी आणि कडेला भुसा-डिंकाची भर असेल तर हे लॉक या दस्त्यावर नंतर आलं. आटे पाहा. हाताने पाडलेले आटे किंचित असमान असतात. सगळे स्क्रू तंतोतंत एकसारखे किंवा डोक्यावर चौफुली असेल तर तुम्ही सजावटीची प्रतिकृती धरून बसला आहात. ओतीव धातूतले बारीक बुडबुडेही तेच सांगतात. स्पेनमध्ये आणि आपल्याकडेही अशा प्रतिकृती भरपूर तयार होतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काळा रंग आणि गंज चढवलेली वस्तू 'ब्रिटिश टाइम' म्हणून दाखवली गेली तर आधी स्क्रू बघा.

आतली यंत्रणा उघडण्याचा फायदा केवढा, याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. 11 जुलै 1804 ला उपाध्यक्ष आरन बरने माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वात ज्या जोडीतल्या पिस्तुलाने मारलं ती लंडनच्या वॉगडन आणि बार्टनची, मालक हॅमिल्टनचाच साडू जॉन चर्च. चापात लपवलेली, नुसत्या स्पर्शाने बार उडवणारी नाजूक कळ आहे हे 1976 मध्ये प्रतिकृती करताना चर्चेत आलं. आणि त्या जोडीतलं एक पिस्तूल पुढे चकमकीवरून टोपीच्या पद्धतीवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी तांब्याची छोटी टोपी) बदललेलं आहे. म्हणजे इतकी नामांकित जोडीसुद्धा जशी घडली तशी राहिली नाही.

सहावी पायरी: नळीचे ठसे

नळीच्या मागच्या टोकाजवळ, वरच्या डाव्या अंगाला किंवा खालच्या बाजूला चाचणीचे ठसे असतात. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवायची, फुटली नाही तर ठसा मारायचा. हा ठसा सरकारी किंवा कारागीर-संघाच्या (गिल्डच्या) अधिकाराने पडतो, म्हणून दुकानदाराच्या नावापेक्षा त्याचा शब्द भारी.

लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद 1637 मध्ये मिळाली. तिचे ठसे दोन: मुकुटाखाली गुंफलेली 'जी पी' अक्षरं आणि मुकुटाखाली 'व्ही'. बर्मिंगहॅमचं अधिकृत चाचणीगृह 1813 च्या कायद्याने आलं, त्याचा ठसा मुकुट, तिरपे एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड आणि 'बी', 'पी', 'सी' ही अक्षरं. त्याआधी बर्मिंगहॅममध्ये खासगी चाचणी चाले आणि तिचे ठसे सरकारी राजदंडांची नक्कल वाटावी असे असत. लिएजचं चाचणीगृह 1672 इतकं जुनं. तिथला ओळखीचा ठसा लंबगोलात 'इ एल जी', 1810 पासूनचा. लंबगोलावर मुकुट असेल तर 1893 नंतरचा, म्हणजे नळी चकमकीच्या काळाच्या बरीच पुढची.

आता नळीवर 'लंडन' आणि खाली बर्मिंगहॅमचे राजदंड, असं दिसलं तर काय? हे फसवणुकीचं लक्षण म्हणून लगेच नाक मुरडू नका. लंडनच्या दुकानात बर्मिंगहॅमचा माल विकला जाणं हा रोजचा व्यवहार होता, आणि बर्मिंगहॅमकर 'लंडन' कोरत कारण गिऱ्हाईक त्याला जास्त पैसे देई. लंडनच्या नावाखाली लिएजचा ठसा निघाला तर मात्र वर्णनात 'लिएज' लिहा, 'लंडन' फक्त अवतरण चिन्हांत. ठसे अजिबात नसतील तर? काही खासगी आणि बऱ्याच आशियाई नळ्यांवर ते नसतातच. ठसा नसण्यावरून देश काढू नये.

इटलीच्या बाबतीत एकच इशारा. ब्रेशियाजवळच्या गार्दोनेतल्या लाझारिनो कोमिनाझो या नळीकाराची कीर्ती इतकी पसरली की त्याचं नाव शतकभराहून अधिक काळ, निरनिराळ्या स्पेलिंगने, बाल्कन प्रदेशापर्यंत कोरलं जात राहिलं. नळीवर त्याचं नाव असणं हा बहुतेक वेळा नावाच्या लौकिकाचा पुरावा असतो, त्याच्या हाताचा नाही.

सातवी पायरी: लाकूड, पितळ, चांदी

युरोपीय दस्ता बहुतेक अक्रोडाचा. अमेरिकेत मेपल भेटतं. शिसवाचा दस्ता दिसला तर तो भारतात बसवला गेला असं धरून चला, मग तो मूळचा असो की दुरुस्तीचा. चांदीचं काम असेल तर नशीब उघडलं, कारण इंग्रजी चांदीवर शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. लंडनची बिबट्याच्या तोंडाची, बर्मिंगहॅमची 1773 पासून जहाजाच्या नांगराची. पिस्तुलावर इतकी थेट तारीख दुसरीकडे क्वचित मिळते.

गज नळीला बिजागरीने कायमचा जोडलेला असेल तर 18व्या शतकाच्या शेवटच्या वर्षांकडे किंवा पुढे या. घोड्यावर बसून ठासताना गज हातातून निसटू नये म्हणून ही सोय. फक्त या एका तपशिलाने कितीतरी घराण्यांच्या कहाण्या अडचणीत येतात. आपल्याकडे जुनं हत्यार म्हटलं की ते पानिपतावर जाऊन आलेलं असतं. पण बिजागरीचा गज असलेलं पिस्तूल 1761 च्या पानिपतावर जाऊ शकत नाही, मग कहाणी किती का गोड असेना.

गारगोटीवरून देश ओळखू पाहणारे लोक भेटतात. इंग्लंडमधल्या ब्रँडनची गारगोटी काळी, फ्रान्सची मधाच्या रंगाची, हे खरं. पण गारगोटी काही बारांनंतर बदलायचीच वस्तू होती. तिच्यावरून फक्त शेवटची गारगोटी कुठली तेवढं कळतं.

आठवी पायरी: बदल शोधा

1807 मध्ये फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणारं स्फोटक रसायन हत्यारात वापरण्याचं पेटंट घेतलं, 1820 च्या दशकात तांब्याच्या टोप्या आल्या आणि चकमकीची लाखो हत्यारं टोपीवर बदलली गेली. रंजकदाणी काढायची, कानात छोटी नळकांडी बसवायची, नवा घोडा लावायचा. 20व्या शतकात चकमकीला जास्त दाम येऊ लागल्यावर विक्रेत्यांनी यातली कित्येक उलट चकमकीवर आणली. हे ओळखायला कानाभोवतीची जागा पाहा. तिथे बुजवलेल्या मोठ्या छिद्राची गोल कड, रंजकदाणीखाली नव्या धातूचा रंग, आणि रंजकाच्या जळण्याने धातू खाल्ला जायला हवा तिथे तो स्वच्छ गुळगुळीत, असं असेल तर शंका घ्या.

दुसरा मोठा वर्ग खैबरच्या बाजूचा. अफगाण सरहद्दीवर कंपनीची खरी लॉक स्थानिक नळ्यांवर बसवली गेली, आणि ती संपली तेव्हा त्यांच्या नकलाही झाल्या. नक्कल करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून उलटं 'एन', गहाळ अक्षर, मुकुटाऐवजी टोपलीसारखा आकार असे नमुने निघतात. खरं लॉक आणि स्थानिक नळी हा संकर मला तरी अस्सल इंग्रजी पिस्तुलापेक्षा जास्त बोलका वाटतो. बाजार मात्र तसं मानत नाही.

नववी पायरी: आता नाव वाचा

एव्हाना देश आणि दशक साधारण ठरलेलं असतं. आता नाव बंदूककारांच्या छापील सूच्यांत शोधा आणि विचारा: या नावाच्या माणसाचा काळ, गाव आणि पत्ता आपल्या निष्कर्षाशी जुळतो का? पत्ता कोरलेला असेल तर फार उपयोगी, कारण लंडनचे कारागीर जागा बदलत आणि सूच्यांत कुठल्या वर्षी कुठला पत्ता हे दिलेलं असतं. भागीदारीही तशीच. नुसतं 'वॉगडन' आधीचं, 'वॉगडन आणि बार्टन' 1790 च्या दशकाच्या मध्यानंतरचं.

धाटणीच्या नावाला मात्र भुलू नका. 'क्वीन अ‍ॅन' पिस्तूल म्हणजे नळी फिरवून काढायची एक पद्धत. राणी 1714 मध्ये वारली, पिस्तुलं त्यानंतर कितीतरी दशकं होत राहिली.

मालकाचं नाव हा वेगळाच विषय. फ्रेंच सेनानी लाफायेतने जॉर्ज वॉशिंग्टनला दिलेली जोडी सारब्रुकेनच्या याकोब वाल्स्टरची. ती पुढे अँड्र्यू जॅक्सनकडे गेली, तिथून परत लाफायेतच्या घराण्यात, आणि 2002 च्या लिलावात जवळजवळ 20 लाख डॉलरला गेली. ही किंमत वाल्स्टरची नाही, एकातून दुसऱ्या हाती गेल्याच्या अखंड नोंदीची आहे. घरच्या पिस्तुलामागे जुनं पत्र, वाटणीपत्र, परवाना, संस्थानचा हुकूम असं काही असेल तर त्याची प्रत पिस्तुलाबरोबरच ठेवा. चांदीच्या पट्टीवर कोरलेली आद्याक्षरं हा कागद नव्हे, ती कधीही कोरता येतात.

दहावी पायरी: निष्कर्ष एका परिच्छेदात लिहा

समजा पिस्तुलाची नळी 9 इंच, व्यास 0.66, लॉकवर मुकुट धरलेला सिंह, बिजागरीचा गज, दस्ता शिसवाचा, लॉकची खोबण डाव्या कोपऱ्यात दोन मिलिमीटर मोठी, नळीखाली 'व्ही'चा अर्धा ठसा, आणि घरात सांगतात की मूळ पुरुषाने पानिपतावर वापरलं. याचं टिपण असं व्हावं:

'लॉक इंग्लंडमध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी केलेलं, 1808 किंवा नंतरचं, हे निश्चित. नळी इंग्रजी असावी, ठसा अपुरा असल्याने शहर सांगता येत नाही. कारबाइनच्या मापाचं घोडदळी पिस्तूल. दस्ता भारतात नंतर बसवलेला, बहुधा लॉकही त्या वेळी पुन्हा जुळवलं. पानिपताशी संबंध अशक्य. कंपनीच्या किंवा एखाद्या संस्थानच्या घोडदळाकडून आलं असण्याची शक्यता, कागद नाही.'

'निश्चित', 'असावी', 'शक्यता', 'अशक्य' हे चार शब्द मुद्दाम वेगवेगळे वापरले आहेत. पुढे नळीखालचा ठसा नीट वाचता आला तर एकच वाक्य बदलावं लागेल, सगळं टिपण नाही.

हे टिपण, मोजमापं आणि तिरप्या उजेडातले फोटो घेऊन मग जाणकाराकडे जा. तुलनेसाठी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, हैदराबादचं सालारजंग इथले शस्त्रसंग्रह पाहता येतात. लीड्सच्या रॉयल आर्मरीज आणि लंडनच्या वॉलेस कलेक्शनने आपल्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर ठेवले आहेत. लंडन किंवा लीड्सजवळ राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर प्रत्यक्षच जावं. विचारताना 'हे किती जुनं आणि किती किमतीचं' असं विचारू नका. 'नळीखालचा हा अर्धा ठसा लंडनचा की बर्मिंगहॅमचा' असं विचारा. असल्या प्रश्नाला उत्तर मिळतं.